पत्रिकेत नसलेलं नाव

सोमवारी शाळा भरणार, म्हणजे साधनाच्या हातात दोनच दिवस होते. भीमेच्या पुराने घराच्या भिंती बसल्यापासून ती, सासू सगुणाबाई आणि दोन दुभत्या म्हशी शाळेच्या आवारात मुक्कामाला होत्या. नवरा संपत सणसवाडीच्या कंपनीत कामाला. त्याच्या खोलीत पाच जण राहत. "भाभी को ले आओ, हम सरक जाएँगे," असं त्याचे सोबती म्हणत होते. पण म्हशी कुठे सरकणार? आणि त्या विकायच्या नाहीत, हे साधनाने ठरवून टाकलं होतं.

तिचा फोन पुरात गेला, त्याच्याबरोबर सगळे नंबरही. शाळेच्या करुणाताईंनी गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप मागे मागे सरकवत दोन वर्षांपूर्वीचा एक फोटो शोधला. साधनाच्याच लग्नाची पत्रिका! तळाशी चाळीस नावं, पुढे गाव आणि मोबाइल.

"घ्या, तुमचा सगळा गोतावळा इथंच हाय," म्हणत त्यांनी फोनच तिच्या हातात दिला.

साधना वरून एकेक नंबर लावत गेली. केडगावच्या जाऊबाईंनी ज्वारीचं पोतं कबूल केलं, एकाने पत्रे देतो म्हटलं. मोकळा गोठा मात्र कुणाकडेच निघेना.

"निमोण्यात हौशाकडं हाय," सगुणाबाई पुटपुटल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं.

हौसराव त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. पत्रिका छापताना संपत मामाचंच नाव घालायला विसरला. मामाच्या शेजाऱ्याचं मात्र होतं! तेव्हापासून बोलणं बंद.

साधनाने त्या शेजाऱ्याला फोन लावून मामांचा नंबर घेतला.

"मामा, साधना बोलते. संपतची."

"पत्रिकेत आमचं नाव न्हाई. मंग फोन कसा काय आला?"

"ज्यांची नावं होती त्यांना लावून झालं, मामा. आता चुकलेल्याला लावतीया. घर पुरात बसलं, म्हशींसकट आसरा पायजे."

पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं. "म्हशी किती?"

"दोन."

"गोठा मोकळा हाय. पण आक्काला बोलू दे."

साधनाने फोन पुढे केला. सगुणाबाईंनी पदराने हात पुसले, मग फोन घेतला.

"हौशा, चुकलं आमचं," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला. "खुंट खोल ठोक. धाकटी म्हस वढाळ हाय."

साधना टेम्पो ठरवायला निघालीसुद्धा.