कंसातली आई

मित्रांनो, मी एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे. महाविद्यालयाच्या रसायनशाळेत, तिसऱ्या फळीवर माझं आयुष्य गेलं. पोटात पांढरी भुकटी आणि अंगावर चिठ्ठी : पॉली(व्हिनाइल अल्कोहोल). नावातल्या त्या कंसाचा मला भारी तोरा होता. शेजारच्या पॉलिस्टायरीनला कुठे होता कंस!

रोज सकाळी आक्का आम्हाला पुसत. त्या इथल्या परिचर. त्यांची लेक इथेच शिकायची आणि आमच्या चिठ्ठ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून द्यायची. लेक म्हणजे पोटची नव्हे. बाळंतपणात गेलेल्या शेजारणीची पोर आक्कांनी पदरात घेतली होती. पोरगी त्यांना आक्काच म्हणायची.

परीक्षेचा अर्ज भरताना आईच्या नावापाशी तिचं पेन अडलं.

"आक्का, इथे काय लिहू गं?"

"दाखल्यावर तुझ्या जन्मदात्रीचं आहे तेच लिही बाई. उगाच घोळ नको."

असं म्हणून आक्कांनी मला पुसलं. नुकतंच पुसलं होतं, तरी पुन्हा पुसलं. मला फार वाईट वाटलं.

पुढे एकदा सरांनी वर्गात बहुवारिकांची, म्हणजे पॉलिमरची, नावं शिकवली. "ज्या रेणूंची साखळी, त्यांच्या नावाआधी पॉली लावायचं. एथिलीनचं पॉलिएथिलीन. लेकरानं आईचं नाव लावावं तसं. आईचं नाव दोन शब्दांचं असेल तर ते कंसात." आणि त्यांनी मला उचलून दाखवलं.

पोरीने विचारलं, "सर, मग हिची आई व्हिनाइल अल्कोहोल. तिची बाटली कुठाय?"

"ती नसतेच. ते टिकतच नाही, लगेच दुसरंच काहीतरी होऊन बसतं. साखळी वाढते ती व्हिनाइल ॲसिटेटची. मग तिचं रूप बदलून हिला घडवतात. नाव मात्र त्या न टिकलेल्या आईचं!"

वर्ग हसला. पोरगी हसली नाही. माझा तोराही तिथेच उतरला.

तास संपताच ती आक्कांना शोधत मोरीपाशी धावली. आक्का छातीत दुखतंय म्हणून तासाभरापूर्वीच घरी गेल्या होत्या. पोरगी घरी पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी सर शिपायाला सांगत होते, तेव्हा मला कळलं.

पंधरा दिवसांनी ती एकटीच आली. फडकं घेऊन एकेक बाटली पुसू लागली. माझ्यापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "आई."

खोलीत ओ द्यायला कोणी नव्हतं.

मित्रांनो, माझं झाकण तडकलंय, भुकटीचे खडे झालेत. लवकरच मला टाकून देतील, त्याचं काही नाही. पण तुम्हाला ज्यांनी वाढवलं, त्यांना हाक मारायला उशीर करू नका. ती ऐकायला ते असले पाहिजेत.