दिवसाला सोळा सूर्यास्त

दीपचंदची अंतराळवीर म्हणून निवड झाली. हे वाक्य घरात पुन्हा कोणी उच्चारायचं नाही, असं लखीचंदकाकांनी जाहीर केलं आणि सगळे जेवायला बसले, कारण सूर्य मावळायला बावीस मिनिटं उरली होती.

जळगावच्या पिंप्राळ्यातलं हे जैनांचं घर. तिथे सूर्य मावळल्यावर कोणी तोंडात पाणीसुद्धा घालत नसे. त्यामुळे संध्याकाळी जेवताना बोलणं कमी आणि घड्याळाकडे बघणं जास्त. काकांनी, निवड वगैरे काही झालेलंच नाही अशा सुरात, १९७३ सालची तूर मागच्या सालापेक्षा कशी बारीक आहे ते सांगायला घेतलं. चंद्रकांताकाकू फुलके वाढत होत्या. खुंटीवर नौदलाचा पांढरा गणवेश लटकत होता आणि त्याच्या खिशातून परदेशी संस्थेचं लांबट पाकीट वीतभर बाहेर आलं होतं. तिकडे न बघण्याचं काम सगळे मन लावून करत होते.

पाकिटात अडचण एकच होती. उमेदवार अविवाहित असेल तर आईची लेखी संमती हवी. कागद शनिवारच्या टपालाने गेला नाही, तर यादीतला पुढचा माणूस जाणार. आज गुरुवार होता. छत्तीस वर्षांच्या दीपचंदने हलत्या जहाजावर विमानं उतरवली होती. पण शाळेच्या प्रगतिपुस्तकानंतर बाईची सही कधी मागितली नव्हती. आईला तो, घरातल्या रिवाजाप्रमाणे, बाई म्हणे.

त्याची नोकरी काय आहे हे काकांनी पूर्वीच समजून घेतलं होतं. पोत्यात परखी खुपसून मूठभर डाळ काढतात आणि माल कसा आहे ते बघतात. तसं नौदल नव्या विमानात दीपचंदला खुपसतं. एकदा माल खराब निघाला. दीपचंद अडीच तास अरबी समुद्रात तरंगत होता. घरी त्याने लिहिलं होतं की सध्या पोहणं बरंच होतं.

"वर जेवायचं कसं?" दाराशी बसलेल्या त्याच्या आईने, हीराबाईंनी विचारलं. काकांची तूर अर्ध्यात राहिली.

"नळीतून, बाई. पिळून."

"ते नाही विचारलं. केव्हा?"

दीपचंदने हातातला घास खाली ठेवला. नौदलातही त्याने हा नेम सांभाळला होता. मेसमध्ये तो साडेपाचलाच एकटा जेवून घेई, आणि त्याला अल्सर आहे असं बरोबरच्यांनी ठरवून टाकलं होतं. पण वरची तऱ्हा निराळी. त्याने खरं ते सांगितलं. यान दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं. दर फेरीला सूर्य एकदा उगवतो, एकदा मावळतो. दिवसाला सोळा वेळा.

काकूंच्या हातातला फुलका हातातच राहिला.

काकांनी घातलेली बंदी काकांनीच मोडली. उजेड एका वेळी किती टिकतो, ते त्यांना हवं होतं. पंचावन्न मिनिटं, दीपचंद म्हणाला. काकांनी बोटांची पेरं मोजली. सूर्य उगवल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटं काही खायचं नाही, हा दुसरा नेम. उरली सात. सात मिनिटांत माणूस जेवू शकतो, त्यातून नळीने तर आरामात. मग त्यांना उपवासांचं सुचलं. एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत एक उपवास, म्हणजे दीड तास. पर्युषणाचे आठ उपवास बारा तासांत. महिन्याचे तीस पंचेचाळीस तासांत. काकांच्या डोळ्यांपुढे मिरवणूकच निघाली: पुढे बँड, मागे बग्गीत दीपचंद, सोमवारी वर गेलेला आणि बुधवारी तपस्वी झालेला.

"करून टाका सही, भाभी," ते म्हणाले.

हीराबाई दाराशीच बसून होत्या. तेव्हा कुठे दीपचंदच्या लक्षात आलं की माणसं चार होती आणि ताटं तीन.

"बाई, तुझं ताट?"

"सकाळी जेवले मी."

काकू डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "नऊ वर्षं झाली. तू ती नवी विमानं तपासायला लागलास तेव्हापासून एकदाच जेवतात. तू ते काम सोडून जमिनीवर येईपर्यंत, असा नेम आहे. तू सुट्टीत आलास की आम्ही सांगायचो, पोट बरं नाही."

हीराबाई काकूंवर रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं,

"किती दिवस राहायचं वर?"

"अठ्ठावन्न."

"तिथले, का इथले?"

"इथले."

"तिथले नऊशे अठ्ठावीस झाले," काका म्हणाले, आणि आपण हे उगाच मोजलं असं त्यांना वाटलेलं दिसलं.

समोरच्या गच्चीवरून ऊन उतरलं होतं. हीराबाईंनी पदराला हात पुसले.

"आण कागद."

दीपचंदने दाखवलेल्या ओळीवर त्यांनी एकेक अक्षर सुटं लिहून सही केली. सहीखाली एक चौकट होती: पालकाची विशेष विनंती असल्यास. चौकटीखाली बारीक अक्षरांत छापलं होतं की ती विनंती मान्य करता आली नाही, तर संमती रद्द धरली जाईल. दीपचंदने हे मराठीत वाचून दाखवलं.

"मग लिही," हीराबाई म्हणाल्या, आणि काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं.

असं जगात कोणी करत नसतं, असं काका म्हणाले. विचारायला काय जातं, असं हीराबाई म्हणाल्या.

हीराबाईंना इंग्रजी येत नव्हतं. काकांना पाकिटावरच्या पत्त्यापुरतं येत होतं. चौकटीत नुसत्या शुभेच्छा लिहिल्या असत्या तरी त्या घरात कोणाला कळलं नसतं. दीपचंदने पेनचं टोपण काढलं. उड्डाणाचा अहवाल लिहावा तशा सरळ अक्षरांत, बाईचा एकही शब्द न गाळता, त्याने इंग्रजीत लिहिलं:

"माझा मुलगा दीपचंद यास रोज सूर्यास्तापूर्वी, जेवणास पुरेसा वेळ ठेवून, जमिनीवर उतरविण्यात यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यास पुन्हा वर नेण्यास माझी हरकत नाही. उतरण्याचे ठिकाण जळगावजवळ असल्यास सोयीचे होईल. तरी वरीलप्रमाणे व्यवस्था करून तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती."