दुसरा ब्रेक

"भीती ही माणसानेच तयार केलेली वस्तू आहे," मास्तर सोफ्यावर बसून म्हणाले, "आणि तयार करणाऱ्याला ती मोडीतही काढता येते. मी आजपासून काढली."

एवढ्यात खालच्या रस्त्यावर कुणीतरी करकचून ब्रेक मारला. मास्तरांचा उजवा पाय आपोआप पुढे सुटला, टीपॉयच्या पायावर आदळला आणि टीपॉयवरचा चहाचा कप लोळत जमिनीवर गेला.

आतून बायको फडकं घेऊन आली.

"मोडीत काढलीत ते बरं झालं," ती म्हणाली. "आता तेवढा कप उचला."

मास्तर शाळेतले नव्हते. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. त्यांच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा बाजूच्या सीटपुढे, मास्तरांच्या पायाशी. स्टिअरिंग, गिअर, हॉर्न ही सगळी शिकणाऱ्याची इस्टेट. मास्तरांचं राज्य त्या एका पेडलवर चालायचं. आजूबाजूच्या निम्म्या लोकांना गाडी येते ती आपल्यामुळे आणि उरलेले निम्मे अजून जिवंत आहेत तेही आपल्यामुळेच, असं ते सांगत. यात अतिशयोक्ती थोडीच होती.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी, एका नर्सच्या चौदाव्या तासाला, वळणावर तिने ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर गेली. नर्सचं मनगट मोडलं, मास्तरांचं गळ्याजवळचं हाड मोडलं, भिंतीला काही झालं नाही. हाडं जुळली. गाडीही गॅरेजमधून नवरीसारखी होऊन आली. पण मास्तरांचा उजवा पाय काही केल्या बरा होईना. तो जिथे ब्रेक नाही तिथे ब्रेक शोधू लागला. न्हाव्याच्या खुर्चीत, दाताच्या डॉक्टरकडे, झोपेत. बायकोची नडगी तर कायमची निळी झाली होती. स्वतः गाडी चालवताना त्यांना काही होत नसे. बाजूच्या सीटवर बसलं की मात्र गाडी सुरू व्हायच्या आधीच अंगाला घाम फुटे. क्लासच्या दारावर 'काही दिवस बंद' अशी पाटी लागली होती आणि त्यातला 'काही' उन्हाने पुसट होत चालला होता.

आधी त्यांनी घरगुती उपाय केले. मेहुण्याने मनाच्या सामर्थ्यावरची अकरा पुस्तकं आणून दिली. मेहुण्याला स्वतःला लिफ्टची भीती, त्यामुळे ती अकराही पुस्तकं चौथ्या मजल्यावर जिन्याने आली. एका पुस्तकात रोज आरशासमोर 'मी शांत आहे' असं ठामपणे म्हणायला सांगितलं होतं. मास्तरांचा ठामपणा एकतीस वर्षं ट्रॅफिकमध्ये घडलेला. तिसऱ्या दिवशी शेजारी विचारायला आले, भांडण मिटलं का? दुसऱ्या पुस्तकाच्या सांगण्यावरून त्यांनी कृतज्ञतेची वही सुरू केली. पहिल्या दिवशी पाच गोष्टी लिहिल्या, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी 'वरीलप्रमाणे'. मोबाईलमधली एक बाई त्यांना चार आकडे मोजून श्वास घ्यायला आणि चार मोजून सोडायला सांगे. हा उपाय त्यांना मनापासून पटला होता, म्हणून त्याबद्दल ते कुणाशी बोलत नसत.

शेवटी नडगीची मालकीण कंटाळली आणि तिने त्यांना समुपदेशक बाईंकडे नेऊन बसवलं.

बाई तिशीच्या होत्या. खोलीत दोन खुर्च्या, एक घड्याळ आणि एक कुंडी. पहिल्याच भेटीत मास्तरांनी उलटतपासणी घेतली.

"तुम्हाला गाडी येते?"

"नाही. सायकलने येते मी."

मास्तरांनी बायकोकडे असं पाहिलं, की जणू पोहायला शिकवायला कुणी वाळवंटातून माणूस आणला आहे. पण पुढच्या भेटीला बाईंनी एका कागदावर आठ पायऱ्या लिहून काढल्या आणि मास्तर विरघळले. हा तर सरळ सरळ अभ्यासक्रम होता. पहिली पायरी, बंद गाडीत बाजूच्या सीटवर दहा मिनिटं बसणं. दुसरी, इंजिन सुरू करून. तिसरी, चांगली गाडी येणाऱ्याच्या शेजारी, रिकाम्या रस्त्यावर. मास्तर मन लावून शिकू लागले. घाम यायचा, छाती धडधडायची, ते चार मोजायचे, धडधड कमी व्हायची. दर पायरीवर ते लाल शाईने खूण करत आणि बाईंना दाखवत. चौथी झाली, पाचवी झाली. सातव्या पायरीला तर ते भर बाजारात मेहुण्याच्या शेजारी बसून आले, आणि मेहुणा गाडी कशी चालवतो हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांनाच याची किंमत कळेल.

आठवी पायरी होती, नवशिक्याच्या शेजारी.

"एक विचारू?" सातवी खूण दाखवली त्या दिवशी बाई म्हणाल्या. "अपघाताचं तुम्ही मला चार वेळा सांगितलंत. टाकी कुठे होती, नर्सचे हात कुठे होते, भिंतीवर काय लिहिलं होतं, सगळं. तुमचा पाय कुठे होता ते कधी सांगितलं नाहीत."

"पाय जागेवर होता," मास्तर म्हणाले. "आणखी कुठे असणार?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "बरं," त्या म्हणाल्या.

त्या 'बरं'ने मास्तरांची दोन रात्रींची झोप नेली. त्यात दुसऱ्या दिवशी रविवार होता, महिन्याचा पहिला, आणि त्या दिवशी ठरल्याप्रमाणे नर्सचा फोन आला. गेले आठ महिने ती दर महिन्याला फोन करत होती. सर, हाड दुखतं का? सर, चूक माझीच हो. मास्तर दरवेळी मोठ्या मनाने म्हणत, "असं होतं गं. मनाला लावून घेऊ नकोस." आणि फोन ठेवला की त्या रात्री बायकोच्या नडगीवर नवा डाग उमटे.

आता आठव्या पायरीसाठी नवशिका आणायचा कुठून, हा प्रश्न होता. तो सुटला पुढच्या रविवारी, सकाळी चहाच्या वेळी. बायकोने पदराआडून एक कार्ड काढलं आणि टीपॉयवर ठेवलं. शिकाऊ परवाना. फोटोत ती गुन्हेगारासारखी दिसत होती.

"हे कधी काढलंस?"

"चार महिने झाले. साऱ्या जगाला शिकवलंत. म्हटलं, घरचं माणूस राहूनच गेलं."

दिव्याखाली अंधार असतो हे मास्तरांना ठाऊक होतं, पण अंधार परवाना काढून येईल असं वाटलं नव्हतं.

गोदामांच्या मागे सिमेंटचं मोठं पटांगण होतं. सुट्टीच्या दिवशी तिथे कुत्रंही फिरकत नसे. मास्तरांनी गाडी तिथवर नेली, उतरले, वळसा घालून बाजूच्या सीटवर बसले. नव्या बुटांच्या लेसला त्यांनी दोन-दोन गाठी मारल्या होत्या. उजवा पाय ब्रेकवर ठेवला.

"आधी आरसा."

"पाहिला."

"काय दिसलं?"

"केस पांढरे झालेत."

"अगं, मागचं बघायचं!"

"मग नीट सांगा ना. आठ महिन्यांत शिकवायलाही विसरलात."

गाडी हलली. दहा फूट गेली आणि गचकन थांबली. पुन्हा हलली, पुन्हा थांबली. मास्तर श्वास मोजत होते, पण पायाला आकडे येत नव्हते. सात वेळा असं झाल्यावर बायकोने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"अहो, मी गाडी चालवतेय की टाके घालतेय?"

"तू क्लच लवकर सोडतेस."

"क्लच माझा आहे. ब्रेक कोण दाबतंय?"

बायकोने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, तो अगदी शिकवल्यासारखा, आणि मागच्या सीटवरची कापडी पिशवी पुढे घेतली. आतून एक बूट काढून तिने गिअरच्या पलीकडे, मास्तरांच्या मांडीवर ठेवला. उजव्या पायाचा. तपकिरी, टाचेकडून झिजलेला. हा बूट अपघातात गेला असं मास्तर सगळ्यांना सांगत आले होते.

"गॅरेजवाल्याने दिला मला," ती म्हणाली. "तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. तुमच्या सीटखाली होता. लेस सोडलेली. मोजा आत नीट गुंडाळून ठेवलेला."

पटांगणात एक कागद सिमेंटवरून सरपटत गेला. मास्तर त्याच्याकडे पाहत राहिले. अपघातात माणसाचा बूट उडू शकतो. मोजाही उडेल एखाद वेळी. पण मोज्याची गुंडाळी करून ती बुटात सरकवणारा अपघात त्यांच्या एकतीस वर्षांत झाला नव्हता.

"मांडी घालून बसलो होतो," ते म्हणाले.

"हं."

"चौदावा तास होता. पोरगी छान चालवायला लागली होती. म्हटलं, काय होतंय. शेवटी शेवटी मी बसायचोच तसा. गाडी चालू, मी आपला मांडी घालून. तिने चुकीचं पेडल दाबलं खरं, पण चुकीचं पेडल दाबणारच की ती. शिकायलाच आली होती. मी ब्रेक दाबायला गेलो तर पाय माझ्याच पायाखाली." ते थांबले. "तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"लग्नाच्या मांडवापासून तुम्ही कुठे मांडी घातली नाहीत ते सांगा. दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा घालता."

"मग बोलली का नाहीस आठ महिने?"

"तुम्ही पुस्तकं वाचत होतात."

मास्तरांना हसू आलं आणि ते हसू मध्येच भलत्या दिशेला वळलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, मग ज्यासाठी काढला होता त्यासाठी वापरला. बायको समोरच्या काचेतून गोदामाचे पत्रे मोजत राहिली.

"चार मोजा," थोड्या वेळाने ती म्हणाली.

त्यांनी मोजले. दोनदा.

"ती दर महिन्याला माझी माफी मागते गं."

"ऐकते ना मी. स्वयंपाकघराला दार कुठाय?"

"घर जवळच आहे तिचं. पेट्रोल पंपाच्या मागे." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "नेशील?"

"रस्त्यावरून?"

"गाडी साधारण रस्त्यावरूनच नेतात."

बायकोने पदर कमरेला खोचला आणि चावी फिरवली. पटांगणाच्या तोंडाशी तिने आरसा पाहिला, आणि या वेळी मागचं पाहिलं. गाडी रस्त्याला लागली. एक रिक्षा आडवी आली, एक म्हातारा सायकल हातात धरून मध्येच थांबला, बायकोने दोघांचाही मनापासून उद्धार केला. सिग्नल लाल झाला. गाडी हळूच, पोटातलं पाणी न हलता, थांबली. मास्तरांनी खाली पाहिलं. पाय ब्रेकच्या वर होता, एक बोट अंतर राखून. दाबलेला नव्हता. जिथे असायला हवा, नेमका तिथे होता.

"तू थांबवलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही, सरकारने."

नर्सने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात फरशी पुसायचं फडकं होतं. समोर मास्तर, एका हातात बूट धरून. येताना त्यांनी मनात एक भाषण जुळवलं होतं. अकरा पुस्तकांतली उत्तमोत्तम वाक्यं त्यात होती. त्यातलं एकही वेळेवर आलं नाही.

"या ना सर, आत बसा. काय झालं?"

"आत नंतर. आधी ऐक. त्या दिवशी माझा पाय ब्रेकवर नव्हता. बूट काढून मांडी घालून बसलो होतो. हा तो बूट. चूक तुझी नव्हती. माझी होती." त्यांनी पुरावा दाखल करावा तसा बूट उंबऱ्याच्या आत ठेवला. "आणि तू फोन करायचीस तेव्हाही हे मला ठाऊक होतं."

नर्स बुटाकडे पाहत राहिली. मनगटावरचा टाक्यांचा वण तिने दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने एकदा चोळला.

"मी बसने जाते रोज," ती म्हणाली. "ड्रायव्हरने ब्रेक मारला की माझे दोन्ही पाय आखडतात. समोरच्या सीटवरच्या बाईने एकदा वळून शिव्या दिल्या मला."

"माझाही आखडतो. एक."

"आठ महिने मी माफी मागत होते सर. आणि तुम्ही घेत होतात."

"घेत होतो."

नर्स वळून आत गेली. दार उघडंच राहिलं. मास्तर उंबऱ्याबाहेर, बूट उंबऱ्याच्या आत. खाली रस्त्याच्या कडेला बायको स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, काच खाली करून, कान देऊन बसली होती. आत एक ड्रॉवर उघडला, बंद झाला, दुसरा उघडला.

नर्स बाहेर आली तेव्हा तिच्या हातात क्लासचं हजेरीचं कार्ड होतं. वीस चौकोन. चौदांत मास्तरांची लाल सही. चौदावी त्यांनी तास सुरू व्हायच्या आधीच ठोकली होती.

"सहा राहिलेत," ती म्हणाली. "खरं तर सात. चौदावा पुरा झाला नाही. आणि हे सगळं बाजूला ठेवून मी काही लगेच हसणार नाहीये तुमच्याशी."

"नको हसूस. कधी येतेस?"

"सकाळी. दुपारी ड्युटी असते. उद्या नऊला?"

मास्तर तोंड उघडणार तोच रस्त्यावरून आवाज आला.

"नऊला मी आहे!"

नर्सने मान वाकडी करून गाडीकडे, चालवणाऱ्याच्या सीटवर बसलेल्या मास्तरांच्या बायकोकडे पाहिलं. मग कार्ड मास्तरांच्या हातात दिलं.

"मग दहाला," ती म्हणाली. "आणि सर—"

"बोल. काय वाटेल ते बोल."

"तेवढा बूट उचला. फरशी आत्ताच पुसलीय."