न आलेला वास

थोरलीचं नाक आधी नुसतं चोंदायचं. मग एका सर्दीनंतर वास येणंच बंद झालं. दूध करपून पातेलं काळं पडलं तरी डोळ्यांनी बघेपर्यंत तिला पत्ता लागायचा नाही. डॉक्टरांना दाखवायला हवं, हे कळत होतं. पण ती गेली नाही, आणि का गेली नाही ते तिनं मनातसुद्धा धड कबूल केलं नव्हतं.

मांडीचं हाड मोडल्यापासून बाबा अंथरुणाला खिळले होते. त्यांना शौचाचं भांडं देणं, ते रिकामं करणं, ओल्या चादरी काढणं सगळं तिच्याच गळ्यात. बाहेरच्या खोलीत ती गिऱ्हाइकांचे पडदे शिवायची आणि हाक आली की मशीन थांबवून आत पळायची. पूर्वी आत शिरण्याआधी ती श्वास रोखून धरायची, तरी चेहरा आक्रसायचाच. बाबांना ते दिसायचं आणि ते ओशाळायचे. सारा जन्म त्यांनी लाँड्रीत लोकांचे कपडे पांढरेशुभ्र करण्यात घालवलेला. वास गेला आणि थोरलीची ती पीडा टळली. आता ती हसत आत जायची. दुखणं पथ्यावरच पडलं म्हणायचं, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं.

कमरेखालचं अंग मात्र बाबा तिला पुसू देत नसत. लेकीसमोर उघडं व्हायचं नाही म्हणजे नाही. ते काम धाकट्या भावाचं. तो दर रविवारी यायचा आणि टवाळक्या करत बापाला न्हाऊमाखू घालायचा. पण मध्ये त्याला कामावरून परगावी धाडलं, ते चांगले दोन महिने. बाबा थोरलीला म्हणाले, "माझं मी पुसतो. टॉवेल ठेव आणि जा." ती टॉवेल ठेवून गेली. हातातले पडदे अर्धवट होते, तिला ते बरंच वाटलं. चादरीवरचे डाग ती रोजचेच समजून धुऊन टाकायची.

धाकटा परतला तो बॅगेसकट थेट तिच्या दारात. उंबऱ्यातच थबकला.

"ताई, घरात काय मेलंय?"

"आल्या आल्या सुरू झालास का? चपला काढ आणि आत ये."

तो आत गेला. थोड्या वेळानं त्याची हाक आली, आणि त्या आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता.

त्यानं बाबांना कुशीवर वळवलं होतं. माकडहाडाशी तळहाताएवढी जखम होती, मधे काळी, कडेनं पिवळी, ओली. थोरली वाकून बघत राहिली. दिसत सगळं होतं, वास मात्र कशाचाच नव्हता.

"तू इथंच राहतेस ना गं?" धाकटा म्हणाला. लगेच फोन काढून ॲम्ब्युलन्स बोलवायला लागला.

हॉस्पिटलात जखमेतलं मेलेलं मांस काढलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर विष अंगभर भिनलं असतं, असं सर्जन म्हणाले. बाहेरच्या बाकावर थोरलीनं भावाला नाकाचं सांगितलं.

"मग बोलायचंस ना. उपचार असतात त्याला."

"मला सोपं जात होतं रे," ती म्हणाली. तो उठून पाणी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी बाबा जरा सावध झाले तेव्हा तिनं विचारलं, "दुखत होतं, तर सांगितलं का नाहीत?"

"वास मला येत होता गं. वाटलं, तुलाही येत असणार. तरी तू नाक न मुरडता हसत यायचीस. म्हटलं, पोर एवढं सोसतेय, त्यात आपण आणखी कुठं भर घालायची."

"मला येतच नव्हता, बाबा. कशाचाच नाही. सर्दी झाली होती ना, तेव्हापासून."

"मग ते हसणं," एवढं बोलून बाबा थांबले. तिनं चादरीची सुरकुती सारखी केली. सुरकुती होतीच कुठं, पण तिनं सारखी केली.

त्याच हॉस्पिटलातल्या नाकाच्या डॉक्टरीणबाईंनी बारीक दुर्बीण घालून बघितलं. दोन्ही बाजूंना द्राक्षासारखे मऊ कोंब वाढून वाट अडली होती. मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, रोज फवारा मारायचा आणि थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घ्यायच्या. "गोळ्यांनी वास येईल, पण त्या कायम देता येत नाहीत. मग ऑपरेशन. त्यानंतरही कोंब पुन्हा वाढू शकतात," बाईंनी स्पष्ट सांगितलं.

बाबा घरी आले. एका सकाळी धाकटा पट्टी सोडत होता आणि थोरली बॅटरी धरून उभी होती. अचानक काहीतरी गोडसर, कुजकं तिच्या घशापर्यंत आलं. जखम आता बरीच बरी होती. आधी हा केवढा असेल, या विचारानं तिनं पूर्वीसारखा श्वास रोखून धरला.

"येतोय वाटतं," बाबा म्हणाले.

"येतोय."

"बाहेर जा हवं तर. आहे हा इथं."

ती गेली नाही. गोळ्या संपल्या तसा पंधरवड्यात वास पुन्हा विरला, आणि तिनं स्वतःहून फोन करून ऑपरेशनची तारीख घेतली. धाकट्यानं त्या आठवड्याची रजा टाकली आहे. तोवर रोज सकाळी हातातलं शिवण बाजूला ठेवून ती बाबांना कुशीवर वळवते आणि पाठ खालपर्यंत नीट बघते. बाबा डोळे मिटून घेतात, पण आता नको म्हणत नाहीत.