एकोणचाळीस सेकंदांचं खोटं

मी स्टॉपवॉच बोलतोय, चैताली मॅडमच्या गळ्यातला. काळ्या प्लॅस्टिकचा, तीन बटणांचा. तोंड वर करून बोलायची माझी लायकी नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

माझे पहिले मालक यादव सर. सिन्नरची चैताली पंधरा वर्षांची असताना त्यांच्याकडे सायकल शर्यतीचं शिकायला आली. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो आणि पायडल मारणं मध्येच थांबवताही येत नाही. ही पोर तर शर्यत संपली तरी थांबायला तयार नसे. सर मला मुठीत झाकून तिची वेळ घेत आणि असेल त्याहून एक सेकंद जास्त सांगत. ती चिडायची, दातओठ खायची आणि पुन्हा रेघेवर जाऊन उभी राहायची. अशी चिडत चिडत ती पाचशे मीटरमध्ये चार वेळा राष्ट्रीय विजेती झाली.

तिने शर्यती सोडल्या त्या दिवशी सरांनी मला तिच्या गळ्यात घातलं आणि हळूच खरं काय ते सांगून टाकलं. ती पोट धरून हसली. "सर, तुम्ही भारीच लबाड!" तिला हसताना पाहून मला वाटलं, मग यात वाईट ते काय? तिथेच माझं चुकलं.

पुढे चैतालीच्या चैताली मॅडम झाल्या आणि नाशकात शिकवू लागल्या. सायकल शर्यतीचा खास ट्रॅक नव्हता. मैदानाभोवतीचा डांबरी रस्ता, अडीचशे मीटरची एक फेरी, अशा दोन फेऱ्या. तिथे झेबा आली. तिचे वडील अन्सारभाई द्वारका चौकाजवळच्या दुकानात गाड्यांची सीटकव्हरं शिवतात, आई माजिदा त्यांना हातभार लावते. पहिल्या महिन्यात झेबाने एकोणचाळीस सेकंद गाठले, तेव्हा मॅडमना तिच्यात लहानपणची चैताली दिसली.

मग वेळ उतरत गेली. अडतीस पॉइंट चार. सदतीस पॉइंट नऊ. माझ्या काचेवर आकडा उमटला की मॅडमचा अंगठा त्यावर यायचा आणि तोंडातून निघायचं, "एकोणचाळीस." छत्तीसवर आणायचं आणि मगच सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण झेबा चिडत नसे. मान खाली घालून "सॉरी मॅडम" म्हणायची. हा फरक मॅडमच्या लक्षात आला नाही. माझ्या यायचा, आणि मी अंगठ्याखाली गुपचूप पडून राहायचो.

एकदा अन्सारभाई मैदानावर आले. "मॅडम, तीन महिने झाले, रोज एकोणचाळीसच! तुमच्या घड्याळाचा सेल तर उतरला नाही ना?"

"सेल नवा आहे, अन्सारभाई. पोरीलाच जरा जोर लावायला सांगा," मॅडम हसत म्हणाल्या.

त्या क्षणी मी खरोखरच बंद पडलो असतो तर बरं झालं असतं.

पुण्याच्या निवड चाचणीचे अर्ज आले. अट एकच होती, वेळ अडतीसच्या आत हवी. मॅडमनी झेबाच्या हातात अर्ज दिला आणि निर्धास्त राहिल्या; खरा आकडा झेबाला ठाऊकच नाही, हे त्या विसरल्या. मुदत संपल्यावर त्यांनी विचारलं, "अर्ज पाठवलास ना गं?"

"नाही मॅडम. माझे अडतीस कुठे होतात? खोटं कसं लिहू?" झेबाने सायकल भिंतीला टेकवली. "अब्बू म्हणतात, आता दुकानात बस. मलाही नाही जमत हे."

मॅडमनी पुण्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, मुदत संपली. तशाच त्या अन्सारभाईंच्या दुकानात गेल्या आणि मला झेबाच्या हातात ठेवलं. माझ्या पोटात शेवटच्या शंभर वेळा साठून राहतात. झेबा बटण दाबत गेली. सदतीस पॉइंट दोन. सदतीस. छत्तीस पॉइंट नऊ.

शिलाई मशीन थांबलं.

"मग मी रोज घरी येऊन रडले ते कशासाठी?"

"माझे सर पण..." मॅडमनी सुरुवात केली.

अन्सारभाई हळू आवाजात म्हणाले, "आणि मी शक घेतला घड्याळावर."

त्यांना काय सांगू? मीही त्यात सामील होतोच.

महिनाभर झेबा फिरकली नाही. मग एका सकाळी माजिदा तिला घेऊन आली आणि मॅडमसमोर हात पसरून म्हणाली, "घड्याळ द्या. टाइम आता मी घेणार. चालू करायचा बटण कौनसा?"

मॅडमनी मला गळ्यातून काढलं, तिच्या गळ्यात घातलं आणि बटण दाखवलं.

झेबाच्या दोन फेऱ्या झाल्या. माजिदाने डोळे बारीक करून वाचलं, "चाळीस पॉइंट सहा!"

"खरंच, अम्मी?" झेबाला धाप लागली होती.

"बिल्कुल खरं. कमी करून सांगू का?"

"नको!" म्हणत झेबा पुन्हा रेघेकडे वळली.

मॅडम दोन पावलं लांब उभ्या होत्या. "माजिदाबाई, मी बघू का?" त्यांनी विचारलं. माजिदाने मला त्यांच्याकडे फिरवलं. मॅडमना माझ्याकडे नीट बघवलं नाही. मलाही त्यांच्याकडे.

पुढची निवड चाचणी वर्षभराने. झेबा मॅडमशी अजून मोजकंच बोलते. हल्ली मी माजिदाच्या ओढणीवर लटकतो, उघड्या काचेने. यापुढे ज्याच्या हातात जाईन त्याला एवढंच सांगणं आहे: जी पोर घाम गाळून आली, तिला आधी माझा आकडा दाखवा. चिडेल, रडेल, ते तिचं ती बघेल. माझ्यावर अंगठा तेवढा ठेवू नका.