वेहीमावशीची माफी

आमच्या सर्फिंगच्या किनाऱ्यावर पाण्यात पोलीस नव्हता, वेहीमावशी होती. लाट जिथून फुटायला लागते तिथे ज्याचा बोर्ड सगळ्यात जवळ, लाट त्याची. बाकीच्यांनी मुकाट्यानं बाजूला व्हायचं. आणि किनाऱ्याकडून आत जाणाऱ्याला समोरून कुणी लाटेवर येताना दिसला, तर त्यानं फुटलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसात घुसायचं. गटांगळ्या खा, नाकातोंडात पाणी जाऊ दे, पण येणाऱ्याच्या वाटेत जायचं नाही. जो चुकेल त्यानं माफी मागून बाहेर पडायचं. होनोलुलूच्या एका बँकवाल्याला तिनं एकदा असं झापलं की तो बिचारा चपला विसरून गेला.

मावशीनं सत्तरी ओलांडलेली. नवरा देवाघरी, मुलगी लास वेगासला. "इकडे ये राहायला," म्हणून मुलगी सारखी मागे लागलेली.

"त्या वाळवंटात मी काय निवडुंगाशी गप्पा मारू?" मावशी आम्हाला म्हणायची. "पण तिला शब्द दिलाय. ज्या दिवशी पाण्यात कुणाच्या आडवी येईन, त्या दिवशी बॅग भरीन."

आम्ही हसायचो. मावशी आणि आडवी? काहीतरीच.

त्या शनिवारी लाटा डोक्याच्या वर होत्या. मला एक झकास लाट मिळाली, उभा राहिलो आणि बघतो तर समोरून मावशी आत येतेय. फेस तिच्या डाव्या हाताला होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, जरा घुटमळली आणि उजवीकडे हात मारायला लागली, थेट माझ्या वाटेत. तिचे हात आता पूर्वीसारखे चालत नाहीत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण बोलणार कोण? त्या फेसाचा मार तिला नको वाटला असेल. मी बोर्ड वळवायला गेलो, तो वळला नाही.

वाळूवर आणली तेव्हा तिच्या कपाळातून रक्त वाहत होतं. आमच्यातल्याच नाईनोआनं आपला टॉवेल दाबून धरला.

"माझी चूक," मी म्हणालो. "मीच बघायला हवं होतं."

"लाट कुणाची होती, केआवे?"

"मावशी, आधी दवाखान्यात चल."

"कुणाची होती?"

नाईनोआ मध्ये पडला. "ह्याचीच चूक, मावशी. आंधळाय हा. आम्ही सगळ्यांनी बघितलं."

मागचे सगळे माना डोलवायला लागले. एकेका लाटेसाठी माझ्याशी हमरीतुमरीवर येणारी माणसं ही, पण आज त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तरी मी त्यांचे पाय धरले असते.

"वा! आज सगळ्यांनाच एकदम मोतीबिंदू झालाय," मावशी म्हणाली. टॉवेल स्वतःच्या हातात घेऊन ती उठली. "केआवे, मी चुकले. तुझ्या आडवी आले. माफ कर."

समोरचा 'ठीक आहे' म्हणेपर्यंत आमच्यात माफी पुरी होत नाही, आणि तोवर चुकलेल्यानं जागचं हलायचं नसतं. मी तोंड शिवून घेतलं. म्हणणारच नाही, मग बघू बॅग कशी भरते. पोरकटपणा होता, पण माझ्या हातात दुसरं होतंच काय?

ती उभीच राहिली. वारा सुटला होता, अंग ओलं होतं, टॉवेल लाल होत चालला होता. नाईनोआनं गाडी जवळ आणून दार उघडलं.

"मावशी, बस ना गं."

"ह्याचं होऊ दे आधी."

रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. तिनं पुसलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, नुसती वाट बघत होती. मला तिचा संताप आला, माझा आला, त्या लाटेचाही आला.

"बोल रे बाळा," ती हळूच म्हणाली. "थंडी वाजतेय मला."

"ठीक आहे, मावशी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, गाडीत बसली आणि नाईनोआकडे फोन मागितला. मुलीला लावायचा होता.