क्वार्टरबॅकचा मान

मीनलचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं, आणि नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या मैदानावरचा बोचरा वाराही ते थंड करत नव्हता.

युट्रेख्टच्या मराठी मंडळाचा फ्लॅग फुटबॉलचा संघ तिनेच तीन वर्षांपूर्वी उभा केला होता, आणि कोचही तीच. अमेरिकन फुटबॉलचंच हे सौम्य रूप. धक्काबुक्की नाही, कमरेला अडकवलेली फीत ओढली की पळणारा थांबला. आज सीझनची शेवटची मॅच. हरले तर तळाला, आणि तळाचा संघ लीगबाहेर. एकदा बाहेर पडल्यावर ही मंडळी बॅडमिंटनकडे वळणार आणि संघ संपणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

या खेळात क्वार्टरबॅकवाचून पान हलत नाही. चेंडू त्याच्या हातात येतो, समोरून माणूस अंगावर धावून येतो, आणि तीन-चार सेकंदांत ठरवायचं असतं, कोणाकडे फेकायचा. पळणाऱ्याने मान वळवायच्या आधी चेंडू हातातून सुटावा लागतो. त्यासाठी बाकीच्या चौघांना एकाच हाताची सवय हवी. मीनलने हे मंडळाच्या मीटिंगमध्ये घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. मंडळाने ऐकलं, चहा घेतला, आणि गणपतीत आरतीचा मान जसा रोज वेगळ्या घराला मिळतो, तसा क्वार्टरबॅकचा मानही पाळीपाळीने द्यायचं ठरवलं. कोणी नाराज व्हायला नको ना! सेक्रेटरी शैलेंद्रने तर लगेच एक्सेल शीट केली.

आता दीड मिनिट उरलं होतं. चार गुणांनी मागे, म्हणजे एक टचडाऊन केलं, चेंडू पलीकडच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन सहा गुण मिळवले, की जिंकले. आजची दोन्ही टचडाऊन वृंदाच्या हातची होती. युट्रेख्टला पीएचडी करणारी ही पोरगी वाऱ्यातही चेंडू सुतासारखा सरळ फेकायची.

"शैलेंद्र, वृंदाला पाठव."

"तिची टर्न झाली गं. शीटप्रमाणे आता नरेंद्रकाका."

"खड्ड्यात गेली ती शीट!"

"मग तूच सांग काकांना," शैलेंद्र शांतपणे म्हणाला.

इथेच घोडं पेंड खात होतं. छप्पन्न वर्षांचे नरेंद्रकाका मंडळाचे संस्थापक. मीनल नवी आली तेव्हा तीन आठवडे त्यांच्याच घरी राहिली होती. खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, तिचं नाव नोंदवायला तेच सोबत गेले होते, तिची पहिली सायकलही त्यांनीच शोधून दिली होती. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं, की काका, बाजूला बसा?

शेवटी काकाच उतरले. संघाला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला पहिला चेंडू वाऱ्याने मैदानाबाहेर नेला. दुसऱ्या वेळी काका कोणाला देऊ, कोणाला देऊ करत राहिले आणि त्यांचीच फीत ओढली गेली. तिसरा जेमतेम पाच पावलांवर आपटला. "वेल ट्राइड, काका!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मीनलला रडू येईल असं वाटलं.

शेवटचा टाइमआउट घेऊन ती वृंदासोबत तरातरा मैदानात गेली.

"काका, तुम्ही बाहेर या. वृंदा फेकेल."

पुढे पळून चेंडू झेलणारा शिरीष तर बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. काकांनी चेंडू वृंदाच्या हातात दिला आणि ते बाहेर चालू लागले.

वृंदाने चेंडू फेकला तो अगदी हवा तिथे, एन्ड झोनच्या, त्या शेवटच्या पट्ट्याच्या, कोपऱ्यात. पण दर वेळी फेकणारा हात नवा, म्हणून शिरीषला सवय होती थांबून, वळून, येणाऱ्या चेंडूची वाट बघायची. त्याने मान वळवली तोवर चेंडू त्याच्या बोटांना चाटून गेला होता. समोरच्या संघाने जल्लोष केला. संघ लीगबाहेर गेला.

मीनल बाकापाशी आली. काका खांद्याला बर्फ लावून बसले होते.

"सॉरी, काका. सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतं."

"सॉरी कसलं? दोन वर्षं दुखतोय हा खांदा. फिजिओ दर वेळी ओरडतो माझ्यावर."

"दोन वर्षं? मग का खेळत होतात?"

"तुम्ही एवढ्या प्रेमाने मान देता. नको कसं म्हणायचं?"

मीनलच्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, मग एकदा तरी बोलायचंत ना!" ती ओरडलीच.

काकांनी बर्फाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "कोच तू आहेस ना? वाटलं, तू बोलशील."

मीनल त्यांच्या शेजारी बाकावर बसली, पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः त्यांच्या खांद्यावर धरली.